बॉसफाइटमधलं मेटल गाणं करुण वाटायच्या ऐवजी हसू आणतंय: रचना, मिक्स, गोडो सेटिंग

काळाकातळ (धागाकर्ता)

थर्ड-पर्सन तलवारबाजीचा छोटा ॲक्शन गेम आहे, गोडो ४.३ या गेम इंजिनमध्ये. शेवटचा बॉस, म्हणजे मुख्य शत्रू, एक किल्लेदार. हुकूम पाळायचा म्हणून त्याने रात्री दरवाजा उघडला नाही, आणि बाहेर त्याचंच गाव जळालं. लढाई तीन टप्प्यांची. तिसऱ्या टप्प्यात मराठी शब्दांचं हेवी मेटल गाणं सुरू व्हावं आणि खेळणाऱ्याला तलवार उचलताना जड वाटावं, असा हेतू आहे. नमुना म्हणून 'मेटल गिअर रायझिंग' आणि 'डेव्हिल मे क्राय ५' हे गेम समोर ठेवलेत.

सध्याची मांडणी: १८० बीपीएम (मिनिटाला १८० ठोके), ड्रॉप सी ट्यूनिंग (गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या), चार स्टेम, म्हणजे वेगवेगळे काढलेले ट्रॅक (ड्रम, बेस, गिटार, गायन), सगळे एमपी३. गोडोच्या ऑडिओस्ट्रीमसिंक्रोनाइज्डमध्ये चारही एकत्र चालतात. गायनाचा स्टेम −८० डीबीवर (ऐकू न येण्याइतका) दाबून ठेवलाय; बॉसची ताकद ३५ टक्क्यांवर आली की अर्ध्या सेकंदात ० डीबीवर येतो.

अडचणी तीन:
१) गायन आलं की टेस्ट करणारे हसतात.
२) लूप (परत परत वाजणारा तुकडा) फिरताना दर वेळी बारीकसा अडखळा येतो.
३) तलवारींच्या खणखणाटात शब्द ऐकूच येत नाहीत.

ध्रुवपदाची सुरुवात अशी आहे: 'मी मृत्यूचा सम्राट, रक्ताची ही रात्र'.

---

अर्धाठेका

हसू येण्याची कारणं दोन आहेत आणि दोन्ही तुमच्या पोस्टमध्येच दिसतायत. पहिलं तांत्रिक. गायनाचा स्टेम आधीपासून आत चालूच आहे, तुम्ही फक्त आवाज उघडताय. त्यामुळे ३५ टक्के ज्या क्षणी होतील त्या क्षणी गाणं जिथे असेल तिथून ऐकू येणार. '…म्राट, रक्ताची' असं शब्दाच्या मधूनच माणूस ओरडत आला तर कोणीही हसेल. यावर कोणीतरी गोडोवाला नीट लिहीलच.

दुसरं कारण रचनेचं, आणि माझ्या मते तेच मोठं आहे. ३५ टक्के हा आकडा आहे, घटना नाही. 'मेटल गिअर रायझिंग' (प्लॅटिनमगेम्स, २०१३, संगीत जेमी क्रिस्टोफरसन) मध्ये पहिल्याच मोठ्या लढाईत काय होतं ते बघा. मेटल गिअर रे नावाचं अजस्र यंत्र नायक राइडनवर पातं आणतं, तो ते हातांनी अडवतो, उचलतो आणि अख्खं यंत्र भिरकावतो. गायनाचा स्फोट नेमका तिथे आहे. तोवर वाद्यं चालूच होती. म्हणजे चाल कानाला माहीत झालेली असते, नवीन येतो तो फक्त माणसाचा आवाज, आणि तो पडद्यावरच्या कृतीवर स्वार होऊन येतो.

त्या गेमची खरी करामत पुढच्या बॉसांत आहे. मिस्ट्राल, मॉन्सून, सॅम यांची गाणी शत्रूच्या बाजूने बोलतात. राइडन स्वतः लायबेरियाच्या यादवीतला बालसैनिक. 'माझी तलवार न्यायासाठी आहे' हे त्याचं पालुपद मॉन्सूनच्या लढाईच्या तोंडावर ढासळतं. म्हणजे समोरच्याचं गाणं ऐकताना नायकाचीही बाजू भक्कम उरलेली नसते. सॅमचं उदाहरण तर तुमच्या किल्लेदाराच्या फारच जवळचं. तो खलनायक आर्मस्ट्राँगला मारायला गेला, हरला, हात गमावला आणि त्याच्याच पदरी राहिला, हे सविस्तर कळतं ते नंतर आलेल्या डीएलसीमध्ये (गेमच्या जादा भागात). मूळ गेममध्ये त्याच्याबद्दल फारच थोडं सांगितलंय. हेतू हरवलेला आणि लढण्यापलीकडे कशाचीच खात्री नसलेला माणूस तिथे उभा राहतो तो मुख्यतः गाण्यातून. कटसीनमध्ये (लढाईमधल्या चित्रफितीत) सांगायचं ते गाण्यावर सोपवलं तर गाण्याला काम मिळतं. तुमच्या गाण्याला सध्या कामच नाहीये.

'डेव्हिल मे क्राय ५' (२०१९) ची पद्धत वेगळी आहे. तिथे संगीत स्टाइल रँकला (किती सफाईने खेळताय त्याच्या दर्जाला) बांधलंय: डी, सी, बी, ए, एस, एसएस, एसएसएस. एस गाठला की कोरस उघडतो, रँक घसरली की गाणं खाली येतं. २०२० च्या स्पेशल एडिशनमधलं व्हर्जिलचं 'बरी द लाइट' (केसी एडवर्ड्स, गायक व्हिक्टर बोर्बा) साडेनऊ मिनिटांहून लांब आहे आणि व्हर्जिलची शोकांतिका त्यात आहेच. पण तिथे तुम्ही स्वतः व्हर्जिल म्हणून खेळता, म्हणून कौशल्य आणि गाणं यांचं नातं पटतं. शत्रूच्या दुःखाचं गाणं रँकला बांधू नका. कच्च्या खेळाडूला ते कधी ऐकूच येणार नाही आणि पक्क्याला ते बक्षीस वाटेल. दोन्ही तुमच्या हेतूच्या उलट.

मी असं करेन: किल्लेदाराच्या हाती ढाल आहे का? ती दरवाजाच्या फळीची करा. ३५ टक्क्यांना ताकद अडवून धरा, पुढचा घाव ढालीवर घ्या, फळी दुभंगू द्या, तो क्षणभर हातातल्या तुकड्याकडे बघेल. गाणं तिथे.

---

बसक्रमांक२

गोडोचं मी लिहितो. ४.३ मध्ये तीन नवे स्ट्रीम आले: प्लेलिस्ट, सिंक्रोनाइज्ड, इंटरॅक्टिव्ह. तुम्हाला इंटरॅक्टिव्ह हवाय. सिंक्रोनाइज्ड थर चढवायला उतरवायला चांगला, पण 'आता इथून सुरू' हे त्याच्याने होत नाही.

क्लिप चार करा:
– टप्पा १: ८ बार (एक बार = ४ बीट), लूप
– टप्पा २: १६ बार, लूप
– सांधा: ४ बार, लूप बंद
– गाणं: ६४ बार, लूप बंद, संपल्यावर आपोआप 'टप्पा ३ वाद्य' या पाचव्या लूपवर (ऑटो ॲडव्हान्स)

बरोबर, पाच झाल्या.

ट्रान्झिशन टेबलमध्ये (कोणत्या क्लिपवरून कोणत्या क्लिपवर कसं जायचं ते इथे ठरतं) टप्पा २ → सांधा: 'फ्रॉम' मध्ये पुढचा बार, 'टू' मध्ये सुरुवात, फेड बंद. सांधा → गाणं: सांधा क्लिपचाच ऑटो ॲडव्हान्स. हे चालायला प्रत्येक फाइलच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये बीपीएम १८०, एकूण बीट आणि बारमधले बीट ४ भरलेच पाहिजेत. बीपीएम शून्य राहिलं तर त्याला बार कुठे आहे तेच कळत नाही आणि बदल हवा तिथे होत नाही. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

१८० ला एक बार १.३३ सेकंदांचा. म्हणजे घाव बसल्यापासून जास्तीत जास्त तेवढी वाट, त्यावर सांध्याचे ४ बार = ५.३३ सेकंद. ढाल फुटण्याचं ॲनिमेशन दोन तुकड्यांत करा: डगमगण्याचा लूप (बारची वाट बघणारा) आणि ५.३३ सेकंदांचा पक्का तुकडा. दुसरा तुकडा स्विच झाल्यावरच सुरू करा, स्विच मागितल्यावर नाही. ही चूक झाली की चित्र गाण्याच्या पुढे एक बारपर्यंत धावतं.

आता खणखणाटाचं. शब्द बोलले जात असताना एसएफएक्स (घाव-खणखणाटाचे आवाज) दाबायचे तर गायन वेगळ्या बसवर (आवाजाच्या वेगळ्या वाटेवर) लागतं. इंटरॅक्टिव्ह किंवा सिंक्रोनाइज्ड, आतले सगळे स्ट्रीम एकाच प्लेअरच्या एकाच बसवर जातात. म्हणून प्लेअर दोन घ्या: 'वाद्य' आणि 'गायन'. दोघांत अगदी सारखीच क्लिपरचना आणि सारखंच टेबल. गायनाच्या बाजूला टप्पा १, टप्पा २, सांधा या तेवढ्याच लांबीच्या निःशब्द फाइल. दोन्ही एकाच फंक्शनमधून लागोपाठ सुरू करा, क्लिपही एकाच फंक्शनमधून बदला. एखाद्या ऑडिओ ब्लॉकचा फरक पडला तरी तो दहाबारा मिलिसेकंदांचा, गायनाला चालतो. ड्रम आणि गिटार मात्र असे वेगळ्या प्लेअरवर कधीही ठेवू नका.

मग एसएफएक्स बसवर कंप्रेसर, साइडचेनमध्ये 'गायन' बस, म्हणजे गायन आलं की एसएफएक्स आपोआप दबतात. थ्रेशोल्ड −३०, रेशो ३, रिलीज १८० मिलिसेकंद. गोडोच्या कंप्रेसरचा अटॅक मायक्रोसेकंदांत असतो, कमाल २०००. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला मिलिसेकंदांचा '५' जसाच्या तसा टाकू नका. पूर्ण २००० ठेवा.

एक जाता जाता: घाव बसल्यावर इंजिनचा टाइम स्केल कमी करत असाल तर गोडोत त्याने आवाज संथ होत नाही. इथे ते तुमच्या फायद्याचंच आहे. स्लो मोशनमध्ये वाद्यांच्या बसवर ८०० हर्ट्झचा लो-पास (वरचं कापणारा फिल्टर) चढवा आणि गायन मोकळं सोडा.

---

काळाकातळ

दोघांनाही धन्यवाद. ढाल आहे, लोखंडी, फळीची करतो. अडखळ्याबद्दल एक वाचलं होतं: ४८ हजार सॅम्पल रेटला बीपीएम असं निवडावं की बीटमध्ये पूर्ण सॅम्पल बसतील. १८० ला १६,००० बसतात, १६० ला १८,०००, १५० ला १९,२००. १७० ला मात्र १६,९४१.१८. माझं तर १८०च आहे. मग अडखळा का?

---

पाम_म्यूट

कारण तो हिशोब बरोबर असला तरी दोषी तो नाही. १७० बीपीएमच्या ८ बारच्या लूपला पूर्णांकात आणताना अर्ध्या सॅम्पलहून कमी चूक होते. शंभर फेऱ्यांनंतरही ती मिलिसेकंदाच्या आत असते. एकाच गिटारचे दोन स्टेम वेगवेगळ्या लांबीच्या लूपवर फिरवले तर पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज येईल. बाकी कानाला काही कळणार नाही.

दोषी दोन. एक, एमपी३. एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला हजारभर सॅम्पलची शांतता घालतो, ४८ हजारला ती साधारण २० मिलिसेकंद. १८० च्या डबल किकमध्ये सोळाव्या भागाचा (पाव बीटचा) ठोका ८३ मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ पाव ठोका गायब. सगळं ऑग व्हॉर्बिस या फॉरमॅटमध्ये काढा. दोन, झांजांची आणि रिव्हर्बची (घुमण्याची) शेपटी. लूप ८ बारला कापला की शेवटच्या क्रॅशचा नाद तिथेच तुटतो आणि पहिल्या बीटला कोरडी सुरुवात होते. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तोच भाग लागोपाठ दोनदा ठेवा आणि फक्त दुसरी फेरी एक्स्पोर्ट करा. पहिल्या फेरीची शेपटी तिच्या सुरुवातीवर सांडलेली असते. 'गाणं' क्लिपला मात्र हे करू नका, ती सांध्यातून येते. तिला सांध्याची शेपटी लागते.

मिक्सबद्दल. ड्रॉप सी म्हणजे सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास. तरी गिटारला ९० हर्ट्झला हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) लावा. खालचं काम बेसचं. किकचा धक्का ६०–७० ला ठेवलात तर बेसला तिथे थोडं खणा, आणि किकचा टकटक भाग ४ किलोहर्ट्झला आणा, नाहीतर १८० च्या डबल किकचा नुसता गडगडाट होतो. फोन आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच येत नाही. तिथे बेस ऐकू यावा म्हणून त्याची एक प्रत डिस्टॉर्शनमधून काढा, ७०० ते १५०० च्या पट्ट्यात, मूळ बेसपेक्षा १० डीबी खाली.

गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून पूर्ण डावी-उजवी. एकाच टेकची नक्कल करून सरकवू नका. मधली जागा गायन, स्नेअर आणि खेळाडूची तलवार यांची. खणखणाटाची ऊर्जा २ ते ६ किलोहर्ट्झमध्ये असते आणि शब्दांचा स्पष्टपणा २ ते ४ मध्ये. भांडण तिथे आहे. तिसऱ्या टप्प्यासाठी तलवारीचे वेगळे आवाज करा: ३ किलोहर्ट्झला ४–५ डीबी खड्डा, जास्त लाकडी, जास्त धप्प. फळीची ढाल फुटलेलीच आहे, तेव्हा ते पटेलही. साइडचेन त्यानंतर, नुसत्या साइडचेनवर भागवलंत तर एसएफएक्स धाप लागल्यासारखे वरखाली होतात.

'डूम' (२०१६) चं मिक्स कॉपी करायचा मोह होतो. करू नका. मिक गॉर्डनच्या त्या संगीतात गाणारा माणूस जवळपास नाहीच, म्हणून बंदुकांना मधला पट्टा मोकळा मिळतो. तुम्हाला शब्द पोचवायचेत.

लाउडनेस: गाण्याचं मास्टर −८ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) दाबलं असेल तर ते परत काढा. सोनीची घरगुती कन्सोलसाठीची शिफारस अख्ख्या गेमला −२४, दोन इकडेतिकडे, हातातल्या उपकरणांना −१८, आणि मोजमाप किमान अर्ध्या तासाच्या खेळाचं. पीसीला सक्ती नाही, पण तोच आकडा धरला तर गाण्याला वर जायला जागा राहते. टप्पा २ चं संगीत गाण्यापेक्षा ३–४ डीबी खाली ठेवा. सगळंच कमाल आवाजात असेल तर गायन 'आलं' हे कळणार कसं?

आणि करुणरसाचं साधन टेम्पोत आहे. १८० तसंच ठेवून गाण्यात हाफ-टाइम करा: स्नेअर फक्त तिसऱ्या बीटला. कान ९० मोजतो, गोडोचं गणित बदलत नाही, लढाईचा वेगही तोच राहतो. बेस सी – बी फ्लॅट – ए फ्लॅट – जी असा उतरता न्या, प्रत्येक स्वर दोन बार. तीच उतरण टप्पा १ च्या आधी, किल्ल्यात फिरताना, स्वच्छ गिटारवर एकदा ऐकवून ठेवा. हे विसरलात तर गाण्यात ओळखण्यासारखं काही राहत नाही.

---

मात्रावृत्त

शब्दांकडे कोणी वळलं नाही म्हणून.

'मी मृत्यूचा सम्राट' म्हणणारा माणूस दुःखी नसतो, तो जाहिरात करत असतो. किल्लेदाराने स्वतःबद्दल विशेषणं वापरायची नाहीत. त्याने काय ऐकलं आणि हाताने काय केलं, एवढंच.

गायनाच्या दृष्टीनेही ती ओळ अवघड आहे. 'सम्राट' चा शेवट व्यंजनावर बंद होतो आणि 'रात्र' चा अगदी तोकड्या अ वर. तिथे आवाज ताणताच येत नाही, गायक मग 'रात्रअअ' करतो आणि लोक हसतात. लांब स्वर आ किंवा ओ वर संपवा. वरच्या पट्टीत ई पातळ होतो. 'मृत्यू', 'रक्त' असे जोडाक्षरांचे शब्द सोळाव्या भागावर टाकू नका, ८३ मिलिसेकंदांत जीभ वळत नाही. भ, ध, घ चा श्वास माइकवर आदळतो; त्या ओळींना पॉप फिल्टर बोटभर अजून लांब धरा.

मराठीत ४/४ ला तयार साचा आहे: फटक्याची चाल, ८-८-८-६ मात्रा. एकूण ३०. एक मात्रा म्हणजे आठवा भाग (अर्धा बीट) धरला तर ४ बारमध्ये ३२ बसतात, उरलेल्या दोन मात्रांत गायक श्वास घेतो. वेगळं काही जुळवावंच लागत नाही. उदाहरण:

बाहेरुन ती । हाक आपली । अडसर होता । मी धरला

शेवट आ वर आहे, 'ला' हवा तितका ताणा. 'बाहेरून' चा ऊ मात्रेसाठी ऱ्हस्व केलाय, गाताना खटकत नाही. कडव्यात मात्रा = आठवा भाग (ओळ ५.३३ सेकंद), ध्रुवपदात मात्रा = पूर्ण बीट (ओळ ८ बार, १०.६७ सेकंद). पाम_म्यूट यांच्या हाफ-टाइममध्ये हे आपोआप बसतं, आणि त्यांची चार स्वरांची उतरणही ८ बारचीच आहे.

ग्राउल (मेटलमधलं गुरगुरतं गायन) कडव्यात चालेल. 'अडसर होता मी धरला' ही ओळ स्वच्छ आवाजात हवी, नाहीतर शब्दच कळणार नाहीत आणि एवढा खटाटोप वाया. सबटायटल द्या, पण गाण्याची ओळ बॉसच्या ताकदीच्या पट्टीवर नको. डोळा एकाच वेळी दोन्हीकडे जात नाही.

---

काळाकातळ

ओळ वापरू का? आणि एक राहिलंच: खेळाडू तिसऱ्या टप्प्यात मेला तर गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं? पाचव्यांदा तेच ऐकून कंटाळा येईल.

---

मात्रावृत्त

खुशाल वापरा.

---

बसक्रमांक२

पुन्हा प्रयत्न करताना ढालीचा प्रसंग आणि सांधा वगळा, थेट 'गाणं' क्लिप. पण सुरुवात पाळीपाळीने बदला: पहिल्यांदा कडवं १, मग कडवं २, मग ध्रुवपद. त्यासाठी ६४ बारची एक फाइल न ठेवता १६-१६ च्या चार करा आणि ऑटो ॲडव्हान्सने साखळी जोडा. दोन्ही प्लेअरना सुरुवातीची क्लिप एकच द्यायला विसरू नका.

६४ बार म्हणजे ८५.३ सेकंद. टप्पा ३ ची ताकद अशी ठेवा की सरासरी खेळाडूला ७० ते ९० सेकंद लागतील. त्याहून रेंगाळला तर वाद्यांच्या लूपवर जाऊ द्या, शब्द त्याच प्रयत्नात परत आणू नका.

शेवटच्या घावालाही बार पाळायला लावा. ताकद १ वर अडवा, पुढच्या बारची वाट बघा, १.३३ सेकंद कोणाला कळत नाहीत. मग वाद्यांचा प्लेअर फेड न करता तोडा. रिव्हर्ब गायनाच्या बसवरच असू द्या, फाइलमध्ये भाजून नको. मग गायनाचा प्लेअर थांबवला तरी शेवटच्या अक्षराचा नाद बसवर दोन-तीन सेकंद रेंगाळतो.

---

अर्धाठेका

आणि साउंडट्रॅक वितरकाकडे टाकताना यूट्यूबच्या कंटेंट आयडीची (व्हिडिओंवर आपोआप हक्क सांगणारी यंत्रणा) खूण काढून टाका. नाहीतर गेम खेळून दाखवणाऱ्यांच्या व्हिडिओंवर तुमच्याच गाण्याचे दावे लागतील, आणि ते नेमका हाच प्रसंग म्यूट करून टाकतील.